रस्ता नवा झाला, पण गिऱ्हाईक कुठाय? भवानी पेठेतून सरकारी पैशाचा हिशेब

१५ जानेवारीला महापालिकेच्या मतदानासाठी पुण्याहून सोलापूरला गेलो होतो. नोकरी हिंजवडीत असली तरी मतदार यादीत मी अजून सोलापूरचाच आहे. मतदान करून संध्याकाळी भवानी पेठेत मामांच्या किराणा दुकानात जाऊन बसलो. गल्ल्याशेजारी प्रचाराची चार-पाच पत्रकं पडली होती. चिन्हं वेगवेगळी, आतला मजकूर जवळपास एकच: काँक्रीटचा रस्ता, एलईडी दिवे, पेव्हर ब्लॉक. मामांनी त्यातलंच एक पत्रक उचललं, त्याची पुडी केली, जिरं बांधलं आणि म्हणाले, "रस्ता करा की, नको कोण म्हणायलंय? पण गिऱ्हाईक कुठाय बे?"

परतीच्या प्रवासात हाच प्रश्न डोक्यात होता. जुन्या बाजारपेठा सावरायला सरकार पैसा खर्च करतं, यात खोटं काही नाही. तो पैसा नेमका कोणत्या वाटेनं जातो आणि मामांच्या गल्ल्यापर्यंत त्यातला किती पोचतो, ते आज बघूया. यातला बराचसा भाग तुमच्या-माझ्या फोनमधल्या क्यूआर स्कॅनरशी जोडलेला आहे.

आधी मोठा पैसा. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीची पहिली २० शहरांची यादी आली. त्यात पुणे दुसरं होतं आणि सोलापूर नववं. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला नुसता जल्लोष होता. प्रत्येक शहराला केंद्राकडून पाच वर्षांत ५०० कोटी आणि तितकेच राज्य व महापालिका मिळून, असं गणित होतं. पैसा थेट महापालिकेच्या नेहमीच्या खात्यांतून न जाता त्यासाठी वेगळी कंपनी काढायची होती. सोलापुरात तसं झालं. पार्क स्टेडियम, सिद्धेश्वर तलावाचा परिसर, इंद्रभुवनची देखणी इमारत अशी कामं झाली. ३१ मार्च २०२५ ला मिशन संपलं.

या मिशनची रचना समजून घ्या. शहराचा एक तुकडा निवडायचा आणि बहुतेक पैसा तिथं एकवटायचा. तुकड्याबाहेरच्या पेठांना मिळतं ते शहरभर जे काही होईल त्यातलं: दिवे, कॅमेरे, एखादं अ‍ॅप. ही निवड चुकीचीच होती असं मी म्हणत नाही, थोडा थोडा पैसा सगळीकडे शिंपडून काहीच उगवत नाही. माझी तक्रार मोजमापाबद्दल आहे. मिशनचा हिशेब यायचा तो किती प्रकल्प पूर्ण झाले आणि किती कोटी खर्च झाले, असा. देशातल्या शंभरही स्मार्ट शहरांत कमांड सेंटर उभी राहिली, भिंतभर स्क्रीन लागले. रस्ता झाल्यावर त्या रस्त्यावरच्या दुकानांची विक्री वाढली का, किती शटर कायमची खाली आली, हे त्या स्क्रीनवर यायला हवं होतं. आमच्या ऑफिसात नवीन फीचर सोडलं की दुसऱ्या दिवशी मॅनेजर विचारतो, वापरलं किती जणांनी? 'कोड लिहून झाला' हे उत्तर तिथं चालत नाही.

रस्त्याचं काम वाया जातं असं नाही. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा साधारण १.३ किलोमीटरचा रस्ता नव्यानं बांधला आणि सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्या बंद ठेवायच्या असं ठरलं. चेन्नईच्या पाँडी बाजारात २०१९ ला चालणाऱ्यांसाठी रुंद फूटपाथ झाले. पण या दोन्ही ठिकाणी आख्ख्या शहरातून माणूस मुद्दाम खरेदीला येतो. भवानी पेठेत कोण येतं? शेजारच्या गल्लीतला यंत्रमाग कामगार आणि विड्या वळणारी बाई. आठवड्याचा पगार झाला की येतात, मागची उधारी थोडी फेडतात, पुढची मांडून घेतात. अशा बाजाराचं दुखणं फरशी बदलून किती बरं होणार?

गिऱ्हाईक कुठं गेलं?

मामांच्या प्रश्नाचं थोडं उत्तर अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला सापडतं. २००६ मध्ये तिथं विडी कामगार महिलांसाठी १०,००० घरं उभी राहिली. त्यानंतर रे नगर आलं. असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा प्रकल्प, माजी आमदार नरसय्या आडम यांनी वर्षानुवर्षं लावून धरलेला. १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्यातली पहिली १५,००० घरं दिली गेली. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरा वेचक, शिलाई करणारे, असे लोक त्यात आहेत. एका खोलीत सहा माणसं राहणाऱ्या कुटुंबाला स्वतःचं घर मिळालं, यापेक्षा चांगला सरकारी खर्च मला तरी पटकन आठवत नाही.

पण त्याच खर्चानं जुन्या पेठांमधलं गिऱ्हाईक शहराबाहेर नेलं, हेही खरं. मामांच्या वहीत अशी दोन पानं आहेत. माणसं चांगली, पत्ता बदलला, येणं कमी झालं, उधारी तशीच. मामा त्यांना नावं ठेवत नाहीत. म्हणतात, "रिक्षाला पैसे घालून माझ्याकडं साखर न्यायला कशाला येतील?" घरांचा पैसा एका खात्याचा, रस्त्याचा दुसऱ्या, कर्जाचा तिसऱ्या. एकानं केलेल्या चांगल्या कामाचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो, हे बघणारं कुणी दिसत नाही.

मोजता आलं असतं का?

आलं असतं, आणि इथं आपला विषय सुरू होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयचे व्यवहार पहिल्यांदा महिन्याला २,००० कोटींच्या वर गेले. हा रुपयांचा आकडा नाही, व्यवहारांची संख्या आहे. दुकानाच्या क्यूआरवर केलेलं पेमेंट आणि मित्राला पाठवलेले पैसे यंत्रणेत वेगळे ओळखता येतात. म्हणजे कुणाचंही नाव न घेता, एका पेठेतल्या सगळ्या दुकानांची महिन्याची डिजिटल जमा वाढतेय की घटतेय, हे सांगणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. फोनपेनं २०२१ मध्ये 'पल्स' नावानं आपल्या व्यवहारांचा जिल्हावार डेटा सगळ्यांसाठी खुला केला होता. सोलापूर जिल्ह्याचे आकडे त्यात आहेत, मी उतरवून पाहिले. पण जिल्हा म्हणजे बार्शी, पंढरपूर, अकलूज सगळं आलं. भवानी पेठ त्यात शोधणं म्हणजे उजनीच्या पाण्यात आपली बादली शोधणं.

मग हा डेटा पेठेच्या पातळीवर आणा, असं मी म्हणणार होतो. पण २०२५ च्या जुलैत आपल्या शेजारच्या कर्नाटकात काय झालं ते आठवलं. तिथल्या कर खात्यानं यूपीआय जमेच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या. बेंगळुरूत दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' असे कागद लागले. वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण एवढं कोण वाचत बसतो? मामांनीही दोन दिवस क्यूआरचा स्टँड पोत्यामागे ठेवला होता. त्यांच्या दुकानातली निम्मी विक्री उधारीची, ४० लाखांचा संबंधच नाही. भीती मात्र खरी होती. डेटा मदतीसाठी वापरला जाईल असा भरवसा नसेल तर दुकानदार तो देणारच नाही, आणि मग कुठलाही डॅशबोर्ड खोटं बोलेल.

कर्ज मिळतं, पण कुणाला?

मामांच्या पायरीपुढे एक भाजीवाल्या मावशी बसतात. त्यांना पीएम स्वनिधीतून कर्ज मिळालंय. १ जून २०२० ला सुरू झालेली ही योजना. तारण नाही, पहिलं कर्ज १०,०००, फेडलं की २०,०००, मग ५०,०००. वेळेवर हप्ते भरले तर व्याजात ७ टक्के सूट आणि क्यूआरवर पैसे घेतले तर महिन्याला जास्तीत जास्त १०० रुपये कॅशबॅक. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं योजना सुधारून मार्च २०३० पर्यंत वाढवली. आता पहिली रक्कम १५,००० पर्यंत, दुसरी २५,००० पर्यंत, आणि दुसरं कर्ज फेडलेल्यांना यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड.

मला यातली पायरी-पायरीची रचना आवडते. कागदपत्रं नसलेल्या माणसाची पत तो स्वतः फेडून तयार करतो. पण ही योजना रस्त्यावर बसणाऱ्यांसाठी आहे. चार भिंती आणि शटर असलेले मामा त्यात बसत नाहीत. त्यांना मुद्राचा रस्ता, म्हणजे बँकेत खेटे. शिवाय कर्ज म्हणजे माल भरायला पैसा. गिऱ्हाईकच नसेल तर तो माल फळीवर राहतो आणि हप्ता मात्र चालू राहतो.

ते फुकट वाटणारं क्यूआरसुद्धा सरकारी पैशावरच चालतं, हे किती जणांना माहीत आहे? यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेत नाहीत. त्याची थोडी भरपाई म्हणून छोट्या दुकानदारांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर ०.१५ टक्के प्रोत्साहन दिलं गेलं, २०२४-२५ साठी त्याला सुमारे १,५०० कोटींची मंजुरी होती. हा पैसा बँका आणि पेमेंट कंपन्यांमध्ये वाटला जातो. मामा मात्र 'पैसे मिळाले' असं ओरडणाऱ्या डब्याचं दर महिन्याला भाडं भरतात.

पैसा गिऱ्हाइकाच्या हातात दिला तर?

दक्षिण कोरियानं हे करून पाहिलंय. २००९ पासून तिथं 'ओन्नुरी' नावाची कुपनं आहेत. ती सवलतीत विकत मिळतात पण मुख्यतः पारंपरिक बाजारांतच चालतात, आणि आता अ‍ॅपवरही मिळतात. जुलै २०२५ मध्ये तर सरकारनं जवळपास सगळ्या नागरिकांना खर्चाची कुपनं दिली, किमान दीड लाख वॉन, म्हणजे साधारण नऊ हजार रुपये. अटी अशा: आपल्याच भागात खर्च करायचे, वर्षाला ३ अब्ज वॉनपेक्षा जास्त विक्री असलेल्या दुकानात चालणार नाहीत, मोठे मॉल आणि ऑनलाइन शॉपिंग बंद, आणि नोव्हेंबरअखेर संपवायचे. यामागचं तंत्र साधं आहे. पैसे कुठं चालतील त्या दुकानांची यादी पेमेंट यंत्रणेत असते, यादीबाहेर कार्ड लावलं की व्यवहार नाकारला जातो.

आपल्याकडे याच्या जवळचं साधन २ ऑगस्ट २०२१ पासून आहे: ई-रुपी. एका माणसासाठी, एका कामासाठी काढलेलं व्हाउचर, एसएमएस किंवा क्यूआरच्या रूपात. साध्या फोनवर चालतं. (रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया म्हणजे ई-रुपया, तो वेगळा. ही दोन नावं कुणी ठरवली त्याला एकदा भेटायचंय.) विडी कामगार बाईला शाळेच्या जूनमध्ये वह्या-दप्तरासाठी पाचशेचं व्हाउचर दिलं आणि ते पूर्व भागातल्या छोट्या दुकानांतच चाललं, तर पैसा एका फेरीत दोघांच्या उपयोगी पडेल.

अडचणी आहेतच. यादीत यायला नोंदणी लागेल, आणि नोंदणी म्हटलं की पुन्हा पोत्यामागचा क्यूआर. काही दुकानदार भाव वाढवतील. आणि कुपनं संपली की जोर ओसरतो, कायमची मजुरी वाढल्यासारखं ते होत नाही. म्हणून माझं मत शहरभर पसरवायच्या आधी एका पेठेत, एका हंगामात करून बघा असं आहे. सुरुवातीला दुकानं मोजा, सहा महिन्यांनी पुन्हा मोजा, आकडे लोकांसमोर ठेवा आणि ते कर खात्याकडे जाणार नाहीत हे लेखी द्या.

मार्च २०२२ पासून सोलापूर महापालिकेत प्रशासक होता. आता जवळपास चार वर्षांनी १०२ नगरसेवक सभागृहात बसतील आणि बजेट मांडलं जाईल. फेरीवाला कायद्यानुसार (२०१४) नगर विक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या असतात, त्यामुळे भाजीवाल्या मावशींना निदान बोलायला एक टेबल आहे. मामांसारख्या छोट्या दुकानदाराला तेही नाही. निघताना त्यांना म्हटलं, तुमच्या नगरसेवकाला एवढंच विचारा, आपल्या रस्त्यावर गेल्या पाच वर्षांत किती दुकानं बंद पडली? मामांनी वहीच्या मागच्या पानावर आपल्या बाजूच्या ओळीतली नावं लिहायला घेतली. सातव्या नावाला एक बाई पाव किलो तूरडाळ मागायला आली आणि वही पुन्हा पुढच्या पानावर उघडली.