दहावी की दुसरी?

मी बी. ए. भाग दोनला आहे असे सांगितले की माझी माय विचारते, "म्हंजे कितवी?" मी म्हणतो, "चौदावी." मग तिचे समाधान होते. ती स्वतः चौथी पास. आमच्या घरात शिक्षण असेच मोजतात, एकेक पायरी चढत.

इंग्रजी बोलणाऱ्या देशांतही मोजणी चढतीच असते. अमेरिकेतील दहावी वयाने आपल्या दहावीइतकीच. इंग्लंडमध्ये मुले पाचव्या वर्षीच 'पहिल्या वर्षात' बसतात, म्हणून आपली दहावी ती त्यांचे 'अकरावे वर्ष'.

फ्रान्समध्ये मात्र गंमत आहे. प्राथमिकचे पाच वर्ग संपले की अकरा वर्षांचे मूल 'सिझिएम'मध्ये, म्हणजे सहावीत जाते. आपल्यासारखेच, असे वाटते. परंतु पुढच्या वर्षी ते पाचवीत येते. मग चौथी, तिसरी, दुसरी, पहिली. शेवटचा वर्ग 'तेर्मिनाल', म्हणजेच अखेरचा. त्यानंतर बाकालोरेआ ही परीक्षा. सहावीपासून पुढे त्यांचा आकडा आपल्या आकड्यात मिळवून पाहा, बेरीज दर वेळी बाराच येते!

वाचून प्रथम मला हसू आले. नंतर मात्र हसू मावळले, कारण घरातील एक गोष्ट आठवली. माझी धाकटी बहीण यंदा दहावीच्या परीक्षेला बसत आहे. अकरावीसाठी तिला रोज एस. टी.ने रिसोडला जावे लागेल. बाबा म्हणतात, "दहावी झाली का बोर्ड झालं. आता काय राह्यलं?"

बाबांचा काय दोष? 'दहावी' हा आकडाच भरल्या पोत्यासारखा वाटतो. तोंड शिवले की काम संपले! पण ही शिवण माणसांनीच घातलेली आहे. पूर्वी महाराष्ट्रात शालान्त परीक्षा अकरावीला होती. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचविलेला १०+२+३ आकृतिबंध आपल्याकडे १९७२ पासून आला आणि १९७५ साली दहावीची पहिली तुकडी बोर्डाला बसली. शेवट एका वर्षाने अलीकडे आला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा तर चौदाव्या वर्षापर्यंतच, आठवीपर्यंतच, हमी देतो.

माझी बहीण फ्रान्समध्ये असती तर तिच्या वर्गाचे नाव 'सगोंद', म्हणजे 'दुसरी' असते. तेथे हा वर्ग शेवटचा नसून वरच्या शाळेतील पहिलाच आहे. "दुसरीतून पोरीला काढतो," असे कोणता बाप म्हणेल?

उलट्या मोजणीत दोषही आहे, हे मान्य केले पाहिजे. माझ्या मायला "तुझे आठ वर्ग राहिले," असे म्हणणे हा तिचा अपमान ठरेल. 'चौथी पास' या शब्दांत तिने मिळविलेले आहे, आणि ते तिचेच आहे. म्हणून मित्रहो, वर्गांची नावे बदला असे माझे म्हणणे नाही. शाळा सुटलेल्या माणसाने काय मिळविले ते मोजावे. शिकत असलेल्या मुलीचे मात्र काय राहिले ते मोजावे. आमच्यासारख्या घरांत, जेथे पुढची वाट कोणी पाहिलेली नसते, तेथे हा दुसरा हिशेब कोणीतरी सांगावा लागतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तो सांगणारे आपणच पहिले आहोत.

बाबांना मी हा हिशेब सांगितला आहे. ते अजून हो म्हणाले नाहीत. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा निकाल लागलेला असेल, परीक्षेचाही आणि या गोष्टीचाही.