भंगारातली जीप आणि आपली मुले

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. २०२१ साली हे गाव वेगळ्याच कारणाने गाजले. तेथील कारागीर दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुटे भाग जोडून छोटी जीप तयार केली. खर्च सुमारे ६० हजार रुपये, आणि सुरू करायची मोटारसायकलप्रमाणे किक मारून! डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले. मात्र ही गाडी नियमांत बसत नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांच्या घरी आली.

आमच्या सडक अर्जुनीच्या नावातच सडक आहे. नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग इथूनच जातो. महामार्ग म्हटला की गॅरेज आले, आणि गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली पाना धरणारी आपली मुले आली. ही जीप त्यांच्या मोबाइलवर पोहोचली आणि अनेकांच्या मनात तसाच बेत शिजू लागला. जुन्या जीपची चेसिस, एका गाडीचा पुढचा एक्सल, दुसरीचे स्टिअरिंग, बाकी वेल्डिंग.

अशाच एका मुलाच्या अम्मीने आम्हाला विचारले, "सर, याचं डोकं वहीत नाही, पान्यात आहे. रागवू की करू देऊ?"

प्रश्न साधा नाही. आम्ही भाषा शिकवणारे लोक. पण जाणत्या उस्तादांकडून जे समजून घेतले, ते इथे मांडतो. इंजिन बिघडले तर गाडी थांबते. पुढच्या चाकांची जोडणी बिघडली तर गाडी थांबत नाही, फक्त आपले ऐकत नाही.

मुळात हा भूमितीचा विषय आहे. वळणावर आतले चाक लहान वर्तुळात फिरते, बाहेरचे मोठ्या. म्हणून आतले चाक जास्त वळावे लागते. जर्मन कारागीर लँकेनस्पर्गर यांनी घोडागाडीसाठी ही रचना शोधली आणि १८१८ मध्ये रुडॉल्फ अकरमन यांनी इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. आजही मोटारीत हे तत्त्व अकरमन यांच्याच नावाने ओळखतात. एका गाडीचे नकल आणि दुसरीचा टाय रॉड जोडला की हे गणित बिघडते. टायर घासतात, वळणावर गाडी ओढते.

दुसरी गोष्ट खड्ड्याची. चाक वर-खाली होते तेव्हा सस्पेन्शनचा आर्म एका चापात फिरतो, टाय रॉड आपल्या चापात. मूळ गाडीत हे दोन चाप जुळवलेले असतात. ते जुळले नाहीत, तर स्टिअरिंग सरळ धरूनही खड्ड्यात चाक आपोआप वळते. नकलचा दांडा एक्सलच्या मागे असायचा तो पुढे आला आणि बाकी जोडणी तशीच ठेवली, तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे जाते!

तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची. नकल आणि स्टिअरिंगचे दांडे ठोकून घडवलेल्या, उष्णतेची प्रक्रिया केलेल्या पोलादाचे असतात. ते कापून वेल्डिंग केले की जोडाजवळचे पोलाद ठिसूळ होऊ शकते. वरून जोड सुबक दिसतो आणि एखाद्या दिवशी काहीही न कळवता तुटतो. तेव्हा समोर शाळेतून येणारी मुले असू शकतात. रस्त्यावरच्या माणसाचा जीव ही चालकाकडे दिलेली अमानत आहे.

कायदाही कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते.

मग अम्मीला आम्ही काय सांगितले? रागवू नका. मुलाला भंगारातला एक्सल खोलू द्या, पुन्हा जोडू द्या, त्याची मापे वहीत लिहायला लावा. गाडी मात्र रस्त्यावर नको. दहावी झाली असेल तर आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. पुढे डिप्लोमा आणि अभियांत्रिकीची वाट आहे. 'बाहा एसएई इंडिया' स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः गाडी बनवतात. तिचे सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक तपासूनच तिला मैदानात उतरवतात. वेड तेच, फक्त तपासणीसह. ज्यांनी शाळा सोडून उस्तादाकडेच काम शिकले, त्यांच्यासाठी आधीच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकास योजनेत झाली आहे. जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन तिची चौकशी करावी.

आपल्या घरांत गॅरेजचे काम पिढ्यानपिढ्या चालत आले आहे, पण कागद नसल्याने ही मुले आयुष्यभर हेल्परच राहतात. यंदा निकाल लागला की मुलाचा हात धरून आयटीआयचा अर्ज भरा. मुलीला या कामाची आवड असेल तर तिचाही भरा.