ऐकण्याची मोजदाद आणि अभिरुचीचा पुरावा

भावगीत, नाट्यगीत आणि चित्रपटगीत यांचा अभ्यास मराठीच्या विद्यापीठीय संशोधनात आता स्थिरावला आहे, ही समाधानाची बाब होय. तथापि या अभ्यासात पुराव्याचा एक नवा प्रकार रूढ होऊ पाहत असून त्याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे. गीताची लोकप्रियता सिद्ध करण्यासाठी संगीताच्या अ‍ॅपवर त्या गीतापुढे दिसणारा आकडा उद्धृत करावयाचा आणि ज्याअर्थी ते इतके लाख वेळा ऐकले गेले, त्याअर्थी ते लोकमानसात रुजले असे अनुमान काढावयाचे, असा हा प्रकार आहे. हे अनुमान जितके सुलभ तितकेच सदोष आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा आकडा नेमके काय मोजतो, हे प्रथम पाहू. स्पॉटिफायवर गीत ३० सेकंद वाजले की एक श्रवण नोंदले जाते. ज्या नाट्यपदात ऑर्गनचे सूर आणि गायकाचा पहिला आलाप यांतच अर्धे मिनिट सरते, तेथे पदाचे शब्द कानी पडण्यापूर्वीच श्रवण पूर्ण झालेले असते. शेवटच्या कडव्यापर्यंत थांबणारा रसिक आणि एकतिसाव्या सेकंदाला पुढे जाणारा श्रोता या हिशेबात समान ठरतात. जाणीवपूर्वक निवडलेले गीत आणि यादीत आपोआप वाजून गेलेले गीत यांतही भेद उरत नाही. याच सेवेच्या ० ते १०० या लोकप्रियता-निर्देशांकात एकूण श्रवणांबरोबरच ती किती अलीकडची आहेत यालाही महत्त्व दिलेले आहे. अ‍ॅपल म्युझिक तर आकडा न देता अधिक ऐकल्या जाणाऱ्या गीतापुढे केवळ तारका लावते. सारांश, 'लोकप्रिय' हा एकच शब्द प्रत्येक ठिकाणी निराळ्या अर्थाने वापरला जातो.

याहून गंभीर प्रश्न पुढेच आहे. हा आकडा अभिरुचीची केवळ नोंद करतो, की ती घडवितोही? या संदर्भात मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला प्रयोग साहित्याच्या अभ्यासकांनीही अवश्य पाहावा. अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गीते त्यांनी १४,३४१ श्रोत्यांपुढे ठेवली. श्रोत्याने गीत ऐकावे, त्यास एक ते पाच तारे द्यावेत आणि हवे असल्यास ते उतरवून घ्यावे, अशी योजना होती. काही श्रोत्यांना केवळ गीताचे आणि वृंदाचे नाव दिसत होते. इतरांची आठ स्वतंत्र गटांत विभागणी केलेली होती आणि त्यांना आपल्या गटात ते गीत पूर्वी कितीजणांनी उतरवून घेतले, हा आकडाही दिसत होता. आकडा दिसू लागताच यशस्वी आणि अयशस्वी गीतांमधील अंतर वाढले, आणि कोणते गीत अग्रभागी येईल हे गटागणिक बदलले. अत्युत्कृष्ट गीते सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी सामान्य गीते सहसा शिखरावर पोचली नाहीत. परंतु मधल्या विस्तीर्ण प्रदेशात काहीही घडू शकत होते. आकड्यांनुसार गीतांची उतरती क्रमवारी लावली तेव्हा हा परिणाम अधिकच तीव्र झाला. आपल्या संशोधनाचे विषय बहुधा याच मधल्या प्रदेशातील असतात, हे विसरून चालणार नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. लोकप्रियतेच्या खुणा पूर्वीही होत्या आणि त्याही निष्पाप नव्हत्या. बालगंधर्वांच्या पदांना मिळणारा 'वन्स मोअर' ही अशीच खूण होती. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या आणि अमीन सयानी यांच्या निवेदनाने गाजलेल्या 'बिनाका गीतमाले'ची क्रमवारीही अभिरुचीवर प्रभाव टाकीतच होती. आक्षेप ग्राह्य आहे. परंतु एक भेद लक्षात घ्यावयास हवा. 'वन्स मोअर' पद ऐकल्यानंतर उमटतो, आणि तो त्या प्रयोगापुरता, त्या प्रेक्षागृहापुरता असतो. गीतमालेच्या श्रोत्यास आपण एक क्रमवारी ऐकत आहोत याचे भान असे. अ‍ॅपवरील आकडा मात्र गीत ऐकण्यापूर्वीच, गीताच्या नावाशेजारी उभा असतो. आपल्या काव्यशास्त्राने ज्या सहृदयाची कल्पना केली, त्याच्या प्रतिसादाआधीच येथे इतरांचा प्रतिसाद हजर असतो.

शिवाय ज्याची मोजदाद झाली नाही त्याचे काय? ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या 'गीतरामायणा'ची ५६ गीते १९५५-५६ या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रसारित झाली आणि घरोघरी गायिली गेली. स्पॉटिफाय भारतात आले ते २०१९ साली. मधल्या सहा दशकांचे श्रवण कोणत्याही आकड्यात नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्या रचणाऱ्या आणि गाणाऱ्या स्त्रियांना श्रोत्यांची संख्या कधी ठाऊक नव्हती, तरीही त्या ओव्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागील १२ महिन्यांत किमान १,००० श्रवणे न झालेल्या ध्वनिमुद्रणास त्याचे मानधन मिळत नाही. हा व्यापारी निर्णय झाला. परंतु संशोधकानेही तीच रेषा स्वीकारली, तर बोलींतील आणि अल्पसंख्य समूहांतील गीते बाजारातून वगळली जातील, तशीच वाङ्मयेतिहासातूनही वगळली जातील.

आकडा त्याज्य आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. तो एक साधन म्हणून जरूर वापरावा. मात्र कोणत्या सेवेवरील, कोणत्या दिनांकाचा आणि कोणत्या ध्वनिमुद्रणाचा, हे नोंदवूनच. त्याच्या जोडीला फर्माइशीच्या कार्यक्रमांच्या नोंदी, गीतपुस्तिका, गणेशोत्सवातील मेळ्यांची पदे आणि वृद्ध श्रोत्यांच्या मुलाखती असाव्यात. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्यास इतकेच विचारावे: या आकड्याने काय सिद्ध होते, आणि तो नसता तर हेच विधान तुम्ही कशाच्या आधारे केले असते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्याच्या प्रबंधात तो आकडा खुशाल राहू द्यावा.