कार्डावर सुनेचे नाव आहे का?

रेशन दुकानातून धान्य आणले की पिशवीबरोबर एक लहानशी पावतीही येते. मशीनमधून निघालेली, चार दिवसांत शाई उडून जाणारी. बहुतेक घरांत ती पिशवीच्या तळाशी सापडते, नाहीतर सापडतच नाही. या महिन्यात ती जपून ठेवा. तिच्यावर एकूण किती किलो धान्य लिहिले आहे ते पाहा आणि त्याला पाचने भागा. मग रात्री दस्तरखानावर बसणारी माणसे मोजा. दोन्ही आकडे जुळले तर उत्तम.

पाचने का भागायचे? राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा. त्यात प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य ठरले आहे. अंत्योदय कार्डवाल्यांचा हिशेब वेगळा, त्यांना घरटी ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट मिळते. म्हणजे घरात सासू, सासरे, दोन मुलगे, थोरली सून आणि तिचे दोन वर्षांचे बाळ अशी सहा माणसे असतील तर ३० किलो यायला हवे. पावतीवर २० असेल तर दोन माणसे कार्डावर नाहीत. ती दोन कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. सून आणि तिचे बाळ.

असे का होते ते आपल्याला माहीत आहे. निकाह झाला, मुलगी मालेगावहून किंवा भिवंडीहून अंबरनाथला आली. माहेरच्या कार्डावरचे तिचे नाव कुणी काढले नाही. वर्षभर तिचे पाच किलो भाऊ उचलत राहिला, त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही. मग ई-केवायसी आली. कार्डावरच्या प्रत्येकाने येऊन अंगठा द्यायचा. ती गेली नाही, तिचे नाव अडकले. इकडे सासरी तर ते चढलेलेच नव्हते. आता ती ना माहेरच्या कार्डावर, ना सासरच्या. बाळाचा जन्मदाखला आहे, कदाचित आधारही आहे, पण आईच नाही तर बाळाचे नाव कोण चढवणार, अशी चालढकल होत राहते.

काम अवघड नाही, कंटाळवाणे आहे. माहेरच्या कार्डातून नाव कमी करण्यासाठी नमुना ९ चा अर्ज द्यायचा आणि नाव कमी केल्याचा दाखला घ्यायचा. सासरच्या कार्डात नाव वाढवण्यासाठी नमुना ८. सोबत आधार, तो दाखला, निकाहनामा किंवा विवाह नोंदणीचा कागद आणि बाळासाठी जन्मदाखला. अर्ज दिला की पोच घ्यायचीच. दुकानदाराच्या हाती तोंडी निरोप देऊन आलात तर तो निरोप दुकानातच राहतो. दाद लागत नसेल तर १९६७ हा हेल्पलाइन नंबर आहे. मुलाला पाच वर्षे पूर्ण झाली की त्याच्या आधारवर बोटांचे ठसे घालून घ्या, नाहीतर पुढे त्याचाही अंगठा जुळत नाही. आणि जी कुटुंबे उत्तर प्रदेश-बिहारकडून येऊन इथे भाड्याने राहतात, त्यांनी गावचे कार्ड निरुपयोगी समजू नये. ते अन्नसुरक्षा योजनेतले असेल तर त्यावर इथल्या दुकानातूनही धान्य घेता येते, सगळे किंवा आपल्या वाट्याचे.

आता खरी अडचण. सगळे कागद देऊनही नाव कार्डावर चढते, पण धान्य सुरू होत नाही. कार्यालयात ‘इष्टांक संपला’ असे उत्तर मिळते. हा इष्टांक म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचे याची ठरलेली मर्यादा. महाराष्ट्रासाठी ती सुमारे ७ कोटी आहे. ग्रामीण भागात ७६.३२ टक्के लोक आणि शहरी भागात ४५.३४ टक्के. हे टक्के काढले २०११ च्या जनगणनेवर. त्या वर्षी उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार होती, अंबरनाथची अडीच लाख, कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाख. बदलापूर त्याआधीच्या दहा वर्षांत एक लाखाच्या आतून तिथे पोहोचले होते आणि त्यानंतर किती वाढले ते सकाळी बदलापूर लोकल पकडणाऱ्याला विचारा. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे माणसे वाढली, मर्यादा तिथेच.

शिवाय शहरात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची अट ५९ हजार रुपयांची, तीही २०१३ सालची. महिन्याला पाच हजारही नाहीत. उल्हासनगरात जीन्सचे धागे घरी बसून कापणारी बाई आणि नाक्यावर उभा राहणारा तिचा नवरा, दोघांची कमाई मिळून या अटीच्या वर जाते. त्यांना श्रीमंत म्हणायचे काय? ही अट वर्षानुवर्षे तशीच ठेवणे म्हणजे गरिबाला कागदावर श्रीमंत करून धान्यातून वगळणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उल्हासनगरच्या बाबतीत हे जास्त बोचते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी बराकींत ठेवले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आजही आपण कॅम्प नंबर सांगूनच पत्ता देतो. घरदार सोडून आलेल्या माणसाला आधी शिधा मिळाला पाहिजे, या समजुतीवर ते गाव उभे राहिले. नंतर कामासाठी जे आले, त्यांच्याबाबत ती समजूत दिसत नाही. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा सुनेचे आणि तान्ह्या बाळाचे नाव आवर्जून सांगा. ‘ती काय, माहेरी गेली आहे’ म्हणून सोडू नका.

पण समजा नाव चढले, तीस किलो आले. पोट भरले. पोषण झाले का?

महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम तांदूळ-गहू. त्यातून प्रथिने मिळतात तेरा-पंधरा ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने प्रौढ बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम लागतात आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्यावर आणखी २२. ही संस्था दिवसाला माणशी ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य सांगते. पाच माणसांच्या घराला महिन्याला पावणेतेरा किलो! आपल्याकडे किती किलो येते ते ज्याचे त्याला ठाऊक. दोन किलोत महिना ढकलणारी, पाण्यात डाळ शोधावी लागेल असे सालन करणारी घरे मी पाहिली आहेत. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलाचे मांस बंद झाले, तेव्हा गरिबाच्या ताटातले एक स्वस्त प्रथिन गेले. त्यावर वादविवाद खूप झाला. त्याच्या जागी ताटात काय आले हे मात्र फारसे कुणी विचारले नाही. बहुतेक ठिकाणी बटाटा आला.

मुलांना शाळेत दुपारचे जेवण मिळते. नोव्हेंबर २०२३ पासून त्यात आठवड्याला एक अंडे देण्याचे सरकारने ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला. तेव्हा अंडे आता घरीच.

स्वस्तात काय करता येते? पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा पोराच्या हातात देण्याऐवजी तेवढ्याचेच फुटाणे किंवा शेंगदाणे. मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यापेक्षा थोडी जास्तच. सुका जवळा आपल्या कोकणी घरांना नवा नाही. पाण्यात भिजवून खारटपणा काढला आणि कांदा-टोमॅटोत परतला की वाटीभर जवळ्यात सगळ्या घराची भाकरी होते. कोंबडीची कलेजी मांसापेक्षा स्वस्त पडते आणि तिच्यात लोह भरपूर असते (गरोदर बाईने मात्र ती कधीतरीच खावी). पावसाळ्यात बदलापूर स्टेशनबाहेर आदिवासी बाया टाकळा, कुरडू, भारंगीच्या जुड्या घेऊन बसतात. त्या भाज्यांना नाक मुरडू नये, आणि त्या बायांशी दोन रुपयांसाठी घासाघीसही करू नये.

चहाचे मात्र कडक बोलावे लागेल. सकाळी चहा-खारी, जेवणावर चहा, मगरिबनंतर चहा. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. लिंबू उलटे काम करते. म्हणून डाळीवर लिंबू पिळा आणि चहा जेवणानंतर तास-दीड तासाने घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. दोनपैकी एकीहून जास्त.

इथे पुन्हा सुनेकडे यायला हवे. घरात सगळ्यांचे झाल्यावर जेवते ती तीच. पातेल्यात सालन असते, बोटी नसते. भात असतो, डाळ तळाशी गेलेली असते. कुणी मुद्दाम उपाशी ठेवत नाही, रीतच तशी पडली आहे. अन्नसुरक्षा कायद्याने घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईला रेशन कार्डाची कुटुंबप्रमुख केले आहे. म्हणजे बहुतेक घरांत सासूबाई. तेव्हा हे सारे मी सासूबाईंनाच सांगते आहे. सून गरोदर असेल तर तिचे ताट आधी वाढा, निदान तिच्या वाटणीचे अंडे बाजूला काढून ठेवा.

तिची अंगणवाडीत नोंद करा. तिथून मिळणारा घरपोच आहार तिच्यासाठी असतो. तो सहा जणांत वाटला तर कुणाच्याच अंगी लागत नाही. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गरोदरपणात किमान १८०, रोज एक, आणि बाळंतपणानंतर आणखी १८०. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही. शौचाला काळे होते म्हणून घाबरून अनेक जणी गोळ्या सोडून देतात. ते काळेपण लोहाचेच असते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पहिल्या बाळंतपणासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत ५ हजार रुपये मिळतात, दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६ हजार. त्यासाठी चालणाऱ्या पुराव्यांपैकी एक म्हणजे अन्नसुरक्षेचे रेशन कार्ड. तिथेही पुन्हा नावाचाच प्रश्न येतो.

आणि रमजानचे किट. तिन्ही शहरांत मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून जकातीच्या पैशांची किटे वाटली जातात. त्यांत मैदा, साखर, शेवया, डालडा, सरबताची बाटली असते. ईदच्या दिवशी शीरखुर्मा प्रत्येक घरी व्हावाच, त्यात दुमत नाही. पण पाच किलो साखरेतली तीन किलो कमी केली तर तेवढ्याच पैशांत सुमारे दीड किलो मसूर येते, आणि मैद्याच्या जागी चणे घातले तर सहरीला भिजवलेले मूठभर चणे महिनाभर पुरतात. किटाची यादी बहुधा शाबान महिन्यात ठरते. तुमच्या घरचे कुणी त्या कमिटीत असेल तर यंदा यादी लिहिण्याआधी त्यांना हे सांगून पाहा.