दार कुणी राखायचे?

श्रावणात भाटघर भरले की भोरकडची मंडळी धरण पाहायला जातात. पाणी ठरल्या पातळीला पोचले की स्वयंचलित दारे उघडतात, उतरले की मिटतात. तिकडे वेल्ह्यातल्या पानशेतचे नाव काढले, तर जुन्या पुणेकरांना १२ जुलै १९६१ आठवतो. तिथले पाणी बांधच फोडून गेले.

जनुकोपचाराविषयी वाचताना मला ही दोन धरणे आठवतात. विषाणूतला रोगकारक भाग काढायचा आणि त्याच्या पाठीवरून निकोप जनुक पेशीत पोचवायचे, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असते. खरी मेख पुढेच आहे. आत गेलेले जनुक कोणत्या पेशीत आणि किती काम करणार? हे बरेचसे ठरवतो तो त्याच्या आधी जोडलेला डीएनएचा छोटा तुकडा, प्रमोटर. दार म्हणा हवे तर.

दार चुकले तर काय होते, हे पॅरिसने पाहिले. जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर तिथे १९९९ पासून हा उपचार झाला. मुले सुधारली, पण विषाणूच्या स्वतःच्या जोरकस तुकड्याने शेजारचे, कर्करोगाशी संबंधित जनुक जागे केले. २००२ मध्ये रक्ताच्या कर्करोगाची बातमी आली.

म्हणूनच वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे काम मला मोलाचे वाटते. हिमोफिलिया ‘ए’च्या पाच रुग्णांच्या रक्त घडवणाऱ्या मूळपेशींत फॅक्टर आठचे जनुक घातले गेले. विषाणूचे स्वतःचे दार आधीच निकामी केलेले. नवा प्रमोटर असा, की मूळपेशींपासून मोनोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशी घडल्या की तिथे जनुक चालू व्हावे. निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पाहणीच्या काळात एकालाही रक्तस्राव झाला नाही. त्यासाठी केमोथेरपी मात्र सोसावी लागली आणि फॅक्टरची पातळी प्रत्येकात वेगळी निघाली. भाटघरचे शहाणपण या दाराला नाही. रक्तात किती झाले हे पाहून ते मिटत नाही. गोळी घेतली की उघडणारी, थांबवली की मिटणारी दारेही शास्त्रज्ञांनी बनवली आहेत. पैसा तिकडे वळायला हवा.

शिवाय अशा रुग्णांवर १५ वर्षांपर्यंत लक्ष ठेवावे, असे अमेरिकेचे औषध प्रशासन सांगते. एकदा आत गेलेले जनुक परत काढता येत नाही ना! उद्या वेल्ह्याच्या डोंगरातल्या एखाद्या पोराला हा उपचार मिळाला, तर १५ वर्षे रक्त तपासायला त्याने एसटीने कुठवर जायचे? त्याच्या रक्ताचा नमुना भोरच्या सरकारी दवाखान्यातच घेतला जावा, आणि त्याची तरतूद पहिले इंजेक्शन देण्याआधीच कागदावर असावी.