गाडीचे तास मोजता, मग चालकाचे का नाही?

'ट्रक ड्रायव्हर' हा शब्द उच्चारला की आपल्या समाजातल्या शिकलेल्या माणसाच्याही डोळ्यांपुढे दारूची बाटली, धाबा आणि अपघात उभा राहतो. हिंदी सिनेमाने हे चित्र रंगवले, एड्सविरोधी मोहिमेने चालकाला 'जोखमीचा गट' म्हणून त्यावर सरकारी शिक्का मारला, आणि आपण ते तसेच स्वीकारले. चळवळीत शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, एसटीतले आहेत, त्यांच्या संघटना आहेत, जयंतीच्या मंडपात त्यांचे सत्कार होतात. चालक मात्र जयंतीला बहुतेक वेळा गावात नसतोच. १४ एप्रिलला तो नागपूर-रायपूर रस्त्यावर असतो आणि मिरवणूक मोबाइलवर पाहतो. तो कामगार आहे, त्याच्या कामाचे तास, त्याची मजुरी आणि त्याचे मत हे आंबेडकरी राजकारणाचे विषय आहेत, असे आम्ही ठामपणे मांडू इच्छितो.

आधी तासांचे बोलू. दरवर्षी १ मे आला की 'बाबासाहेबांनी १४ तासांचे ८ तास केले' अशा पोस्ट फिरतात. भावना योग्य आहे, पण हिशेब नीट सांगितला तर तो अधिक ताकदीचा ठरतो. १९३४ च्या कारखाने कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कायद्यात दुरुस्ती आणली आणि १९४६ साली ती मर्यादा ४८ वर आली. आता १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा काढून पहा. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. आणि त्याच कलमाखाली एक सवलत: लांब पल्ल्याच्या मार्गावर परवानगी घेऊन दिवसाला १० तास, आठवड्याला ५४. जो ५४ चा आकडा बाबासाहेबांनी कारखान्याच्या दारातून बाहेर काढला, तो पंधरा वर्षांनी ट्रकच्या केबिनमध्ये येऊन बसला.

निदान तेवढा तरी पाळला जातो का? न्हावा शेवाहून कंटेनर घेऊन निघणाऱ्या कोणत्याही चालकाला विचारा. बंदराबाहेरच्या रांगेत रात्र जाते, कळंबोलीला कागदांसाठी दुपार जाते. हा वेळ कुणाच्याही वहीत 'काम' म्हणून लागत नाही, कारण चाक फिरत नाही. शहरात दिवसा अवजड वाहनांना नो-एंट्री, म्हणून पळायचे ते रात्री. दिवसा झोपायचे तर तापलेल्या पत्र्याखाली, एक कान डिझेलच्या टाकीकडे आणि ताडपत्रीच्या दोराकडे ठेवून. डिझेल चोरीला गेले तर ते चालकाच्या हिशेबातून कापले जाते. माल कमी भरला, गोणी भिजली, 'ॲव्हरेज' बसले नाही, तरी कपात त्याचीच. पोहोचल्यावर गोदामात 'जागा नाही, उद्या खाली करू' असे ऐकायचे. खोळंब्याचे पैसे मिळालेच तर ते मालकाला मिळतात. खोळंबलेला माणूस केबिनमध्ये स्टोव्हवर खिचडी टाकून बसलेला असतो.

आमच्या वस्तीतल्या तीन-चार चालकांबरोबर बसून आम्ही एकदा एका फेरीचा हिशेब कागदावर मांडला. पगार ठरलेला नव्हता. फेरीमागे खर्ची ठरलेली होती आणि तिच्यातून जेवण, पंक्चर, रस्त्यातली 'एंट्री' भागवून जे उरेल ती कमाई. म्हणजे चालक जितका कमी झोपेल, कमी खाईल आणि पोलिसाशी जितकी चांगली घासाघीस करेल तितके त्याच्या घरी जास्त जाईल. 'ड्रायव्हर लोक पैशासाठी झोप मोडून पळतात' अशी टीका करणाऱ्यांनी हा कागद एकदा पाहावा. झोप मोडायचा निर्णय मजुरी ठरवणाऱ्याने आधीच घेतलेला असतो.

यावर सरकारचे उत्तर काय? वातानुकूलित केबिन. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. आम्ही त्याचे स्वागत करतो. विदर्भाच्या मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून काम करणाऱ्याला गारवा मिळणे ही चैन नाही. पण रस्त्यावर आज धावणाऱ्या जुन्या गाड्यांना तो नियम लागू नाही, आणि गार केबिनमध्येही सोळा तास हे सोळाच तास असतात. उलट 'आता तर एसी दिलाय, अजून पळव' असे म्हणणारा मालक निघणार नाही, याची खात्री कोण देईल?

तास मोजणे अवघड आहे, ट्रक कुठे फिरतो कुणाला कळणार, असे सांगितले जाते. हे धादांत खोटे आहे. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. कोणती गाडी कोणत्या टोलनाक्यावरून किती वाजता गेली, याची नोंद मिनिटासकट राहते. ५० हजार रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागते आणि दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते, म्हणजे मालाचा दिवस किती किलोमीटरचा हे राज्यसंस्थेने ठरवून ठेवले आहे. वर मालकाचा जीपीएस. गाडी दहा मिनिटे थांबली की 'का थांबलास' म्हणून फोन येतो! युरोपीय संघात ट्रकमध्ये तास नोंदवणारे यंत्र असते, साडेचार तास चालवल्यावर पाऊण तासाची विश्रांती आणि दिवसाला साधारण ९ तासांची मर्यादा असते, आणि ती मोडली तर दंड होतो. आपल्याकडे यंत्रे सगळी आली. ती मालाचे, कराचे आणि टोलचे रक्षण करतात. या माहितीतून चालकाचे तास काढा असा हुकूम द्यायला कुणी तयार नाही, एवढेच अडले आहे.

आता कायद्याची मेख पहा. १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायालाच लागू होता. आपल्या देशात ट्रकची मालकी विखुरलेली आहे; एक-दोन गाड्यांचे मालक गावोगाव आहेत. त्यांच्या चालकापर्यंत हा कायदा कधी पोहोचलाच नाही. मोठा ट्रान्सपोर्टर स्वतःकडे गाड्या ठेवतो कमी आणि भाड्याने घेतो जास्त, म्हणजे माल त्याचा, घाई त्याची आणि जबाबदारी एका गाडीवाल्याची. कामगार संहितांनी ही फट बुजवायला हवी होती. पण ज्या संहितेत १९६१ चा कायदा विलीन झाला, त्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत ही मर्यादा पाचवरून दहा कामगारांवर गेली. याला सुधारणा म्हणतात.

इथे आमचे काही मित्र म्हणतात, आपली पोरे चालक का राहावीत, त्यांनी मालक व्हावे. महामंडळाचे कर्ज घ्यावे, बँकेचे घ्यावे. ज्याला जमेल त्याने जरूर घ्यावे. पण एका गाडीचा मालक म्हणजे हप्त्याला बांधलेला चालकच असतो. भाडे दलाल ठरवतो, डिझेलचा भाव तेल कंपनी ठरवते, हप्त्याची तारीख फायनान्सवाला. दोन हप्ते चुकले की गाडी ओढून नेतात. एका घरात गाडी आली म्हणून वस्तीतल्या बाकीच्या चालकांचे तास कमी होत नाहीत. कित्येकदा त्याच गाडीवर आपलाच पुतण्या खर्चीवर राबतो. मालकीचे स्वप्न विकणाऱ्यांना कामगाराच्या हक्काविषयी विचारले की ते विषय बदलतात.

'हायवेवर जात नसते' हेही एक आवडते वाक्य. खरोखर नसते? गाडीच्या काचेवर 'जय भीम' किंवा निळा झेंडा लावावा की नाही, याचा विचार किती चालकांना करावा लागतो ते विचारा. १ जानेवारी २०१८ नंतर तर हा प्रश्न अनेक घरांत झाला. जात गाडीभोवतीच्या कामांतही दिसते: मालक कोण, बुकिंगच्या खुर्चीत कोण, स्टिअरिंगवर कोण, क्लीनर कोण, पाठीवर गोणी कोण घेतो आणि टँकर आतून धुवायला कुणाला उतरवतात. या सगळ्यांचे शोषण एकाच फेरीतून होते, तरी ते एकमेकांना आपले मानत नाहीत. जात कामगाराला कामगारापासून कशी तोडते हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवले होते.

आणि १९३८ साली मनमाडला त्यांनी ते थेट कामगारांपुढे मांडले. फेब्रुवारीत जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, ही मांडणी तिथलीच. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणूनच का राहतो, पोर्टर का होऊ शकत नाही, याचे कारणही त्यांनी सांगितले: पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरी वरकाम करावे लागते आणि तिथे अस्पृश्य चालत नाही. त्याच मनमाडजवळ आज पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि राज्यभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. चालकाची ताकद किती, ते त्या दिवशी मध्यमवर्गाला कळले. आपल्या चळवळीने मात्र त्या डेपोच्या फाटकाला १९३८ ची आठवण करून दिल्याचे आम्ही ऐकले नाही.

तो संप न्याय संहितेतील कलम १०६(२) विरुद्ध होता. निष्काळजीपणे गाडी चालवून मृत्यू घडवला आणि पोलिसांना न कळवता पळून गेला, तर १० वर्षांपर्यंत शिक्षा; जुन्या कायद्यात निष्काळजीपणाच्या मृत्यूला दोन वर्षांपर्यंत होती. संपानंतर चर्चा झाली आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवले गेले. आम्हाला इथे सोपी बाजू घ्यायची नाही. २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली. त्यात पायी जाणारा मजूर आहे, दुचाकीवरचा कारागीर आहे, ती आपलीच माणसे आहेत. जखमीला सोडून जाणे समर्थनीय नाही. पण चालक थांबला तर जमाव काय करतो हेही सर्वांना ठाऊक आहे, आणि जमावाची भीती म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ज्या कायद्याला चालकाचे सोळा तास दिसत नाहीत, मालकाची घाई दिसत नाही, त्याला फक्त शेवटचे दहा सेकंद दिसतात. तास लादणारा मालक आणि माल पाठवणारा व्यापारी यांनाही त्या खटल्यात उभे करा, मग शिक्षेच्या वर्षांवर बोलू.

मतदानाचेही असेच. 'एक व्यक्ती, एक मत' ही संविधानाची देणगी आपण रोज सांगतो. मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी द्यावी, अशी तरतूद कायद्यात आहे. पण त्या दिवशी चालक ओडिशात असेल तर सुट्टीचे करायचे काय? टपाली मतदान सैनिकाला आहे, निवडणूक कर्मचाऱ्याला आहे. लांब पल्ल्याच्या चालकाला ते मिळावे, ही मागणी आंबेडकरी पक्षांच्या जाहीरनाम्यात यायला काय हरकत आहे? मत नसलेल्या माणसाच्या तासांची चिंता आमदार का करील?

मार्ग नाही असे कुणी म्हणू नये, कारण महाराष्ट्रानेच तो दाखवला आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने विखुरलेल्या, रोज वेगळ्या मालकाकडे राबणाऱ्या हमालांना मंडळाकडे नोंदवले. मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरली जाते आणि तिच्यातून भविष्य निर्वाह निधी, सुट्टी, उपचार चालतात. त्याच मालाच्या त्याच गाडीत एकाला मंडळ आहे आणि दुसऱ्याला नाही. आंतरराज्य वाहतुकीत हे कसे जमेल, असा आक्षेप येईल. बांधकाम मजुरांसाठी १९९६ पासून बांधकाम खर्चावर १ ते २ टक्के उपकराचा केंद्रीय कायदा आहेच. ई-वे बिल निघते त्याच क्षणी माल पाठवणाऱ्याकडून चालक निधीचा उपकर घेता येईल. मालकाकडे किती कामगार आहेत हा प्रश्नच मग उरत नाही.

हे होईल तेव्हा होईल. आज वस्तीत करण्याजोगे काम वेगळे आहे. अपघातात चालक गेला की मालक दहा-वीस हजार हातावर ठेवतो आणि घरचे गप्प बसतात. गाडीच्या विम्यात पगारी चालकाच्या भरपाईची जबाबदारी धरलेली असते, हे कित्येक कुटुंबांना माहीत नसते, आणि दाव्याची मुदत उलटून जाते. दावा लागलाच तर मालक म्हणतो, हा आमचा माणूसच नव्हे. चालकाच्या नावाचा कागद म्हणजे लायसन आणि चलन, नियुक्तिपत्र नाहीच. तेव्हा आपल्या वस्तीतल्या प्रत्येक चालकाची एक वही करा: गाडीचा नंबर, मालकाचे नाव, विमा पॉलिसीचा फोटो, खर्ची जमा झाल्याचे मोबाइलवरचे मेसेज, बिल्टीच्या प्रती. एक प्रत घरी ठेवायची, एक विहारात. वही लिहायला वकील लागत नाही. दहावी झालेली मुलगी पुरते, आणि बहुतेक घरांत बाप बाहेर असताना बाकीचा सारा हिशेब तीच ठेवत असते.