सोनौलीची कमान ओलांडली, पुढे जबाबदारी कोणाची?

पावसाळा सरला की महाराष्ट्रातून धम्मयात्रेच्या गाड्या निघतात. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती आणि मध्ये एक-दोन दिवस लुंबिनी. यातली चार ठिकाणे भारतात आहेत आणि तथागतांचे जन्मस्थान नेपाळात. यात्रेच्या पत्रकात मात्र हा फरक जवळपास दिसत नाही. 'आधार कार्ड सोबत ठेवावे' एवढी एक ओळ असते आणि तिच्या भरवशावर साठी ओलांडलेल्या उपासिका दुसऱ्या देशात पाऊल टाकतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळात जे घडले, त्यानंतर या एका ओळीचा विचार करायला हवा होता. समाजमाध्यमांवरील बंदीचे निमित्त झाले आणि ८ सप्टेंबरला तरुणांचे आंदोलन पेटले. पहिल्याच दिवशी गोळीबारात १९ जणांचे बळी गेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला, सिंहदरबार आणि संसद भवन जळाले, देशभरातील पोलीस चौक्यांवर हल्ले झाले, तुरुंग फुटून तेरा हजारांहून अधिक कैदी पळाले. एकूण मृतांचा आकडा सत्तरच्या पुढे गेला. १२ सप्टेंबरला सुशीला कार्की यांनी अंतरिम पंतप्रधानपदाची शपथ घेतली तेव्हा कुठे परिस्थिती सावरू लागली.

या चार दिवसांत भारतीय पर्यटक आणि यात्रेकरू ठिकठिकाणी अडकले. आंध्र प्रदेशातील यात्रेकरूंची बस काठमांडूहून परतताना फोडली गेली, सामान लुटले गेले, अशा बातम्या आल्या. म्हणून 'नेपाळ भारतीयांसाठी धोकादायक झाला' असा निष्कर्ष काढणारे संदेश आपल्या गटांमध्येही फिरले. मला तो निष्कर्ष पटत नाही. त्या तरुणांचा राग त्यांच्याच राज्यकर्त्यांवर, त्यांच्या भ्रष्टाचारावर आणि घराणेशाहीवर होता. पण यात्रेकरूच्या दृष्टीने एक गोष्ट खरी आहे. अडचणीत सापडल्यावर आपण ज्यांच्याकडे धाव घेतो ते पोलीसच त्या दोन दिवसांत जीव वाचवत होते. अशा वेळी 'पोलिसांकडे जा' या सल्ल्याला काही अर्थ उरत नाही.

भैरहवा हे शहर नीट समजून घेतले पाहिजे. उत्तर प्रदेशच्या महाराजगंज जिल्ह्यातील सोनौलीची कमान ओलांडली की नेपाळचे बेलहिया लागते आणि तिथून चार-पाच किलोमीटरवर भैरहवा. लुंबिनी तिथून पश्चिमेला साधारण बावीस किलोमीटर. भैरहवाचे अधिकृत नाव सिद्धार्थनगर. इकडे भारतातही, सीमेला लागूनच, सिद्धार्थनगर नावाचा जिल्हा आहे. घाबरलेल्या माणसाने घरी फोन करून 'आम्ही सिद्धार्थनगरात अडकलोय' एवढेच सांगितले, तर घरचे कोणत्या देशाच्या पोलिसांना फोन लावतील? हा प्रश्न गमतीचा वाटेल, पण प्रीपेड सिम कमानीपलीकडे बंद पडते आणि मिळालेला एक फोन हाच कधीकधी शेवटचा असतो.

कमानीच्या अलीकडे सशस्त्र सीमा बल आणि उत्तर प्रदेश पोलीस. पलीकडे नेपाळचे सशस्त्र प्रहरी बल, रोजच्या कायदा-सुव्यवस्थेसाठी नेपाळ प्रहरी आणि गाडीच्या परवान्यासाठी भन्सार म्हणजे सीमाशुल्क कार्यालय. दोनशे पावलांच्या अंतरात इतक्या यंत्रणा, आणि कोणाची हद्द कुठे संपते हे बसमधल्या चाळीस जणांपैकी एकालाही माहीत नसते. बेलहियात पर्स गेली तर सोनौलीच्या ठाण्यात तक्रार होत नाही, ती नेपाळ प्रहरीकडेच द्यावी लागते. तिथला आपत्कालीन क्रमांक १००, पर्यटक पोलिसांचा ११४४. आपल्याकडची ११२ ची सवय तिथे कामाची नाही.

मूळ अडचण याहून खोल आहे. १९५० च्या शांतता व मैत्री करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही. सुमारे १,७५० किलोमीटरची ही सीमा खुली आहे. गरिबांसाठी हे वरदानच आहे, आणि ते टिकले पाहिजे. पासपोर्ट-व्हिसाचा खर्च असता तर भिशीतून, महिन्याला थोडेथोडे बाजूला टाकून लुंबिनी पाहणाऱ्या आपल्या बायका तिथे पोहोचल्याच नसत्या. पण याची दुसरी बाजू अशी की पायी किंवा बसने पलीकडे गेलेल्या भारतीयाची रीतसर नोंद होत नाही. जपानहून किंवा थायलंडहून आलेल्या उपासकाच्या पासपोर्टवर शिक्का बसतो, तो कधी आला हे सरकारदप्तरी असते. आपला माणूस कुठेच लिहिलेला नसतो. संकट आले की दूतावासाला शोधायला यादीच नाही. सप्टेंबरमध्ये दूतावासाला मदतीचे क्रमांक जाहीर करून लोकांनीच संपर्क साधावा असे सांगावे लागले ते यामुळेच.

आणि आधार? १५ ते ६५ या वयातील भारतीयांसाठी नेपाळ प्रवासाचे मान्य कागद म्हणजे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र. आधार मान्य आहे ते १५ च्या आतील मुलांना आणि ६५ वरील ज्येष्ठांना. एरवी कमानीवर कोणी फार विचारत नाही, म्हणून आधारवर निभावते. रस्ता बंद झाला आणि विमानाने परतायची वेळ आली की तेच कार्ड अपुरे ठरते. नोटांचेही तसेच. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. अलीकडे हा नियम सैल करण्याच्या हालचाली झाल्या असल्या तरी शंभराच्या नोटांची गड्डी जवळ ठेवणे शहाणपणाचे. भारतीय १०० म्हणजे नेपाळी १६०, हा दर ठरलेला आहे. कमानीजवळचे दलाल त्यातही कापून घेतात, कारण समोरच्याला दर माहीत नसतो हे त्यांना माहीत असते.

दंगल, लूट, चोरी यांची भीती आपण बोलून दाखवतो. माणसे मात्र रस्त्यावर मरतात. २३ ऑगस्ट २०२४ रोजी जळगाव जिल्ह्यातील भाविकांची बस पोखराहून काठमांडूकडे जाताना तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. २७ जण गेले. वायुदलाच्या विमानाने मृतदेह जळगावला आणावे लागले. ती आपली धम्मयात्रा नव्हती, पण गाडी तशीच होती. गोरखपूरची बस, मैदानात चालवायची सवय आणि पावसाळ्यातला डोंगरी रस्ता. लुंबिनी तराईत आहे, तिथपर्यंत सपाट जमीन. धोका सुरू होतो तो 'आलोच आहोत तर काठमांडू-पोखराही करू' म्हणून आयोजक दोन दिवस वाढवतात तेव्हा. बुटवल ते नारायणगढ हा शंभरहून अधिक किलोमीटरचा रस्ता रुंदीकरणाच्या कामामुळे वर्षानुवर्षे उखडलेला होता, बुटवलच्या वर सिद्धबाबा भागात दरडी कोसळतात. एकच चालक, रात्रीचा प्रवास आणि सकाळी दर्शन, हे वेळापत्रक पैसे वाचवण्यासाठी आखलेले असते. त्याला श्रद्धेचे नाव देऊ नये.

सुरक्षेची चर्चा फक्त आपल्यापुरती ठेवणेही बरोबर नाही. याच कमानीतून उलट दिशेने नेपाळी मुली भारतात आणल्या गेल्या आहेत, आणि त्यातल्या कित्येक मुंबईच्या कामाठीपुऱ्यात पोहोचल्या. १९९३ मध्ये सुरू झालेली माइती नेपाल ही संस्था अशा सीमानाक्यांवर मुलींना थांबवून चौकशी करते, भैरहवातही तिचे निवारा केंद्र आहे. जी सीमा आपल्याला विनाप्रश्न आत घेते तिथेच एकटी, गरीब नेपाळी मुलगी रोखली जाते. रोखणे कधी तिला वाचवते, कधी कामाला निघालेल्या सज्ञान बाईचा हक्क हिरावते. पोलिसी नजर कोणाला पाहुणा समजते आणि कोणाला संशयित, हे जात, वर्ग आणि लिंगावरून ठरते. ते आपल्याला नव्याने सांगायला नको.

लुंबिनीच्या आसपासची वस्तीही पाहून यावी. तिथे बौद्ध थोडे, मधेशी हिंदू, दलित, थारू आणि मुस्लिम अधिक. १९७८ च्या केन्झो टांगे यांच्या आराखड्यानुसार उद्यान उभे राहिले तेव्हा तिथली गावे हलवली गेली. त्यांची पुढची पिढी आज प्रवेशद्वाराबाहेर रिक्षा चालवते, माळा विकते. मे २०२२ मध्ये भैरहवात आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला, पण श्रीमंत प्रवासी विमानतळावरून विहारात आणि विहारातून विमानतळावर जातो. या माणसांच्या हाती काही पडते ते बसने येणाऱ्या आपल्यासारख्यांकडून. त्यांना 'त्रास देणारे' म्हणून हाकलणाऱ्या सुरक्षारक्षकाचे कौतुक आपल्या लोकांकडून ऐकू येते तेव्हा वाईट वाटते. सम्राट अशोक इथे यात्रेकरू म्हणूनच आला होता. त्याने स्तंभ उभारला आणि त्यावर लुंबिनी गावाचा कर कमी केल्याची नोंदही कोरली.

विहार समित्यांनी या हंगामात करण्यासारखे एक काम आहे. गाडी ठरवताना प्रत्येक यात्रेकरूचे नाव, वय, आजार, घरचा क्रमांक आणि मुक्कामाचा पत्ता अशी यादी करावी. तिची एक प्रत विहारात, एक तालुक्याच्या पोलीस ठाण्यात आणि एक निघण्याआधी काठमांडूच्या भारतीय दूतावासाकडे ई-मेलने पाठवावी. गटातल्या एकाच्या तरी फोनला नेपाळचे सिम असावे. निवडणुकीच्या आधी ७२ तास सीमा बंद ठेवण्याची प्रथा दोन्हीकडे आहे, तेव्हा तारखा पाहून गाडी ठरवावी. आयोजकाने दोन चालक आणि रात्री न चालवण्याची अट लेखी दिली नाही, तर आगाऊ रक्कम देऊ नये.